मेटलसाठी पहिली गिटार: आधी खर्ज ठरवा, मग दुकान गाठा

गिटारच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" मेटल वाजवायचं असेल तर त्याआधी दुसरा एक प्रश्न घरीच सोडवून ठेवावा: आपली सगळ्यात जाड तार कुठल्या सुरात लागणार आहे? गिटारची लांबी, तारांची जाडी, ब्रिजचा (धडावर तारा जिथे टेकतात त्या भागाचा) प्रकार, सेटअपचा (तारांची उंची, नेक, सूर जुळवून घेण्याचा) खर्च, हे सगळं त्या उत्तरामागून येतं. उत्तर न ठरवता घेतलेली गिटार वाईट असेलच असं नाही, पण ती भलत्याच संगीतासाठी बनवलेली निघू शकते.

या जाड तारेला इथे खर्जाची तार म्हणू. गिटार मांडीवर घेतली की ती वरच्या बाजूला असते, तरी वादक तिला "खालची तार" म्हणतात, कारण ते सुराबद्दल बोलत असतात. नवख्यांचा पहिला आठवडा या गोंधळातच जातो.

पायरी १: खर्ज कुठे लावायचा?

जी गाणी वाजवायची आहेत अशा पाच-सहा गाण्यांची यादी करा आणि प्रत्येकाचं ट्यूनिंग, म्हणजे तारा कुठल्या सुरांत लावल्या आहेत ते, शोधा. बहुतेक टॅबमध्ये (बोटं कुठे ठेवायची ते आकड्यांत दाखवणाऱ्या गिटारच्या लिपीत) ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

मेटलचा सूर खाली उतरण्यामागे एक अपघात आहे. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांवर टोपणं चढवून, हलक्या तारा लावून तो वाजवत राहिला आणि १९७१ पासून ब्लॅक सॅबथने तारा दीड सूर (पेटीच्या तीन पट्ट्या) सैल करून सी शार्पला लावायला सुरुवात केली. बोटांना हलकं आणि कानाला जड, दोन्ही एकदम साधलं. पुढे जो तो त्या उतारावर आपापली जागा शोधत गेला. ढोबळ नकाशा असा:

ई स्टँडर्ड (गिटारची नेहमीची लावणी, खर्जाची तार ई या पाश्चात्त्य सुरात), किंवा अर्धा सूर खाली ई फ्लॅट: आयर्न मेडन, जुदास प्रीस्ट, सुरुवातीची मेटॅलिका. स्लेयरची बरीच गाणी ई फ्लॅटमध्ये आहेत.

ड्रॉप डी: टूल, लँब ऑफ गॉड. फक्त खर्जाची तार एक पूर्ण सूर उतरवायची, बाकीच्या पाच जशाच्या तशा. जाड तीन तारांवर एक बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड (मेटलची नेहमीची दोन सुरांची जोडी) तयार.

ड्रॉप सी: सिस्टम ऑफ अ डाउन, किलस्विच एंगेज.

ड्रॉप बी: स्लिपनॉट.

त्याखाली कॉर्नच्या सात तारी गिटारचा ए आणि मेशुगाच्या आठ तारी गिटारचा एफ.

यादीतली बहुतेक गाणी ई ते सी या पट्ट्यात पडत असतील तर सहा तारांची साधी गिटार घ्या, विषय संपला. सात तारांची गिटार पहिलीच घ्यायला हरकत नाही, पण शिकवणीतले धडे, शिक्षक, टॅब हे सगळं सहा तारांसाठी लिहिलेलं असतं. वरची जादा तार पहिले सहा महिने फक्त नको तेव्हा गुणगुणत राहते. आठ तारांची गिटार पहिली म्हणून घेऊ नये.

पायरी २: ताणाचा हिशेब

हा भाग समजला की अर्धी खरेदी झाली.

तार अर्धा सूर उतरवली, म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीवर आणली, की तिचा ताण साधारण ११ टक्क्यांनी घटतो. बाजारातल्या नेहमीच्या १०-४६ सेटमधली ४६ ची जाड तार साडेपंचवीस इंची गिटारवर ई ला लावली की तिच्यावर जवळपास ८ किलोचा ताण असतो. तीच तार सी पर्यंत, म्हणजे दोन सूर खाली, आणली की ५ किलोच उरतो. (१०, ४६ हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. १० म्हणजे पातळ तारेची जाडी, ४६ म्हणजे खर्जाची.)

ताण गेला की दोन गोष्टी बिघडतात. सैल तारेचा झोका मोठा होतो आणि ती फ्रेटवर (गिटारच्या मानेवर, म्हणजे नेकवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून फरफरते. तंबोऱ्यात घोडीवर दोरा सरकवून आपण मुद्दाम जवारी लावतो, इथे ती फुकट मिळते आणि नको असते. दुसरं, सैल तारेवर जोरात पिक (तार छेडायची चकती) मारला की सूर क्षणभर वर चढतो आणि मग जागेवर येतो. रिफमध्ये (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यात) दर ठोक्याला हे झालं की गिटार बेसूर आहे असं वाटत राहतं, आणि ट्यूनर मात्र सगळं ठीक दाखवतो.

यावर उपाय दोन. तार जाड करा, किंवा तार लांब करा.

जाडीचा नियम सोपा आहे. तोच ताण ठेवायचा तर दर अर्ध्या सुरामागे तार सहा टक्के जाड लागते. व्यवहारात थोडा सैलपणा चालतो, म्हणून ई स्टँडर्ड आणि ई फ्लॅटला १०-४६, ड्रॉप डी ला १०-५२, ड्रॉप सी ला ११-५४ किंवा ११-५६, ड्रॉप बी ला १२-६० च्या आसपास. हे सगळे सेट तयार मिळतात.

लांबी म्हणजे नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ते ब्रिज तारेची मोकळी लांबी, तिला स्केल म्हणतात. गिब्सनच्या लेस पॉल आणि एसजी घराण्याच्या गिटारी पावणेपंचवीस इंचांच्या. फेंडरचं स्ट्रॅट घराणं, आयबानेझच्या आरजी, जॅक्सनच्या डिंकी साडेपंचवीसच्या. बॅरिटोन (खालच्या सुरांसाठी लांब केलेल्या) आणि काही सात-आठ तारी गिटारी २७ इंचांच्या. त्याच तारेला त्याच सुरात पावणेपंचवीसवरून साडेपंचवीसवर नेलं की ताण ६ टक्के वाढतो, साडेपंचवीसवरून २७ वर नेलं की १२ टक्के. म्हणजे २७ इंची गिटार तुम्हाला साधारण अर्धा सूर परत मिळवून देते, त्याहून जास्त नाही. "बॅरिटोन घेतली की कुठल्याही तारा चालतात" ही समजूत इथेच गळून पडते.

निष्कर्ष असा: सी पर्यंत जायचं असेल तर साडेपंचवीस इंच पुरे. पावणेपंचवीसची लेस पॉल मनात भरली असेल तर तीही चालेल, पण तारा एक पायरी जाड घ्याव्या लागतील. बी आणि त्याखाली कायमचं राहायचं असेल तर साडेसव्वीस किंवा २७ बघा.

पायरी ३: ब्रिज

नवख्यासाठी उत्तर एकच, स्थिर ब्रिज. दुकानात त्याला हार्डटेल किंवा फिक्स्ड ब्रिज म्हणा. लेस पॉल पद्धतीचा ट्यून-ओ-मॅटिक हाही स्थिरच. ट्यूनिंग बदला, तार तुटू द्या, बाकीच्या तारांना त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

मोह होतो तो फ्लॉइड रोझचा. अमेरिकेतल्या फ्लॉइड रोझ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी हा ब्रिज आणला. नटपाशी तारा आवळून बंद होतात, ब्रिज दोन सुरीसारख्या धारांवर तोललेला असतो आणि त्याला जोडलेली दांडी दाबली की सगळ्या तारा सैल होत थेट फडफडायला लागतात. सोलो वाजवणाऱ्याला ही चैन आहे. पण ब्रिज तरंगतो तो रस्सीखेचीवर: समोरून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. ड्रॉप डी साठी खर्जाची एक तार उतरवली की स्प्रिंगांची बाजू वरचढ होते, ब्रिज मागे कलतो आणि बाकीच्या पाचही तारा वर चढतात. त्या उतरवायला जावं तर खर्जाची पुन्हा हलते. तारेचा सेट बदलायला सरावलेल्या माणसाला अर्धा तास लागतो, नवख्याची दुपार जाते: नटाचे तीन कुलूप-तुकडे ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने काढा, तारेची गोळी कापा, खोबणीत बसवा, आवळा, सूर लावा, पुन्हा लावा, पुन्हा लावा.

स्वस्त गिटारवरच्या नकली फ्लॉइडचा धातू मऊ असतो. वर्षभरात सुरीच्या धारा बोथट होतात आणि दांडी सोडल्यावर ब्रिज मूळ जागी परतत नाही. तीस हजारांच्या आतल्या गिटारवर फ्लॉइड दिसला तर तेच मॉडेल स्थिर ब्रिजमध्ये मिळतं का विचारा. बहुतेकदा मिळतं, आणि स्वस्तही असतं. फ्लॉइडवालीच गिटार गळ्यात पडली असेल तर मागच्या पोकळीत धातूच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नेमक्या मापाचे लाकडाचे तुकडे घट्ट बसवा. ब्रिज जागच्या जागी थांबेल.

पायरी ४: पिकअप

पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणारा भाग. ब्रिजजवळ हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, हवा. एवढी एक अट पाळली तरी बरंच काम झालं.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तारेचं एक वेटोळं, आणि ते अँटेनासारखं घरातल्या विजेची गुणगुण पकडतं. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली असते. मेटलमध्ये गेन (आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवणं) इतका चढवलेला असतो की ही गुणगुण रिफइतकीच मोठी होते, आणि इक्वलायझरने ती काढायला जावं तर गिटारचा खालचा भागही सोबत जातो. सात तारी गिटारचा ए ५५ हर्ट्झवर बसतो, दोघांत अंतर ते किती! गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली: दोन वेटोळी, एकमेकांना उलट जोडलेली, चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. गेनचा सूं-सूं आवाज मात्र याने जात नाही, त्यासाठी नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं साधन) लागतो.

तीनही सिंगल कॉइल असलेली गिटार टाळा. ब्रिजला हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल, जशी यामाहा पॅसिफिका ११२ मध्ये असते, ही रचना चालते. मेटल आणि इतर काहीही वाजवू पाहणाऱ्यांना तर ती सोयीचीच.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, हा वाद पहिल्या गिटारला गैरलागू आहे. ईएमजी ८१ सारख्या ॲक्टिव्ह पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी लागते, आवाज घट्ट, एकसारखा आणि शांत असतो. बॅटरी महिनोन्‌महिने पुरते, पण केबल खोचलेली असेपर्यंतच ती खर्च होत असते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. आवाज अचानक फाटका आणि बारीक झाला तर ॲम्प उघडण्याआधी बॅटरी बदला. पॅसिव्ह हमबकरमध्ये ही कटकट नाही. आणखी एक: पॅसिव्हच्या जागी पुढे ॲक्टिव्ह बसवायचे ठरवलंत तर ५०० किलोओहमची नॉब काढून २५ किलोओहमची घालावी लागतात, नुसता पिकअप बदलून भागत नाही.

"हाय आउटपुट" या शब्दांना भुलू नका. वेटोळ्यांत तार जास्त गुंडाळली की आवाज मोठा होतो, पण वरची धार मऊ पडते आणि जलद पाम म्यूटिंगचे (तळहाताची कड तारांवर टेकवून मारलेले दबके) ठोके एकमेकांत मिसळतात. गेन ॲम्पमध्ये वाटेल तेवढा मिळतो, पिकअपमधून हवी ती स्पष्टता.

आणि पिकअप बदलता येतो. दोन तासांचं काम. नेक, फ्रेट आणि ब्रिजची जागा बदलता येत नाही किंवा परवडत नाही. दोन गिटारींत अडकलात तर पिकअपचं नाव विसरा, नेक बघा.

पायरी ५: नेक, फ्रेट, लाकूड

मेटलच्या गिटारींची नेक बहुधा सपाट आणि पातळ असते. आयबानेझची विझर्ड ३ नेक पहिल्या फ्रेटला १९ मिलिमीटर जाड आहे. फ्रेटबोर्डची गोलाई इंचांत मोजतात: जुन्या स्ट्रॅटची सव्वासात, गिब्सनची १२, जॅक्सनच्या बऱ्याच मॉडेलांची नटाकडून टोकाकडे १२ ते १६. आकडा मोठा म्हणजे बोर्ड सपाट, तार खाली ठेवता येते आणि बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) सूर मरत नाही. पातळ नेक सगळ्यांना मानवत नाही, काहींचा अंगठा अर्ध्या तासात दुखतो. हे कागदावर कळत नाही, हातात घेऊनच कळतं. जंबो फ्रेट असतील तर उत्तम. २४ फ्रेट छान, २२ ने काही अडत नाही.

लाकडावर गिटारवाले भांडत बसतात. बासवूड, पॉपलर, महोगनी, काहीही असो, या गेनमध्ये तो फरक शेवटून दुसरा. वजन बघा. साडेचार किलोची गिटार उभ्याने तासभर वाजवली की खांदा बोलतो. व्ही आकाराची गिटार मांडीवर बसत नाही, तिची खाच मांडीत अडकवून बसावं लागतं, आणि तिची पिशवी घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणं हा वेगळा कलाप्रकार आहे.

पायरी ६: पैशांची वाटणी

सगळे पैसे गिटारवर घालून उरलेल्या दोन-तीन हजारांत ॲम्प घेणं ही सगळ्यात महागडी चूक. मेटलचा आवाज मुख्यतः ॲम्प आणि स्पीकरमध्ये बनतो. दहा वॉटच्या डब्यावर "डिस्टॉर्शन" लिहिलेलं असतं, त्यातून येते ती बाटलीत अडकलेली गांधीलमाशी. शंभर रुपयांतले साठ गिटारला, तीस ॲम्पला, दहा बाकी सामानाला, असं धरा.

वीस ते तीस हजारांच्या आसपास आयबानेझच्या जिओ मालिकेतल्या, जॅक्सनच्या जेएस मालिकेतल्या, ईएसपीच्या एलटीडीतल्या सुरुवातीच्या, कॉर्टच्या गिटारी बघायला मिळतात. किमती सतत हलतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा. या सगळ्यांत एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो, म्हणून शक्य असेल तर हातात घेतलेलाच नग घ्या, गोदामातला बंद खोका नको.

ॲम्पसाठी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना दोन रस्ते. हेडफोनची सोय असलेला मॉडेलिंग ॲम्प (इतर ॲम्पच्या आवाजांची नक्कल करणारा), बॉस कटाना हे त्यातलं सर्वत्र दिसणारं नाव. किंवा कॉम्प्युटर असेल तर ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि सॉफ्टवेअरमधला ॲम्प. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे फुकट आणि चांगलं आहे. इंटरफेसवर "इन्स्ट्रुमेंट" बटण दाबलेलं हवं, नाहीतर आवाज मेल्यासारखा येतो. ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ सँपलचा बफर ठेवला तर त्या बफरचा उशीर एका दिशेला पावणेतीन मिलिसेकंद, बोटांना जाणवत नाही. १०२४ ठेवलात तर पिक मारल्यावर आवाज मागाहून येईल आणि तुम्हाला वाटेल आपला तालच कच्चा आहे.

बाकी दहा टक्क्यांत: तीन मीटरची केबल, क्लिपचा ट्यूनर, पट्टा, १ ते दीड मिलिमीटर जाडीचे पाच-सहा पिक (पातळ पिक वाकतो आणि ठोका उशिरा पडतो), तारांचा एक जादा सेट.

पायरी ७: दुकानात वीस मिनिटं

सोबत स्वतःचा ट्यूनर आणि झेरॉक्सच्या कागदाचा चतकोर तुकडा न्या. ॲम्प लगेच लावू देऊ नका. गेनमध्ये सगळ्याच गिटारी पाच मिनिटं भारी वाटतात, आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं.

गिटार सुरात लावा. ब्रिजकडून हेडकडे एका डोळ्याने नेकच्या कडेने बघा, कॅरमचा नेम धरल्यासारखं. नेक किंचित पुढे झुकलेली चालते, पीळ पडलेली नको. पिळलेली म्हणजे जाड तारेच्या बाजूची कड आणि पातळ तारेच्या बाजूची कड वेगवेगळ्या दिशेने चाललेली. याला घरगुती उपाय नाही, गिटार परत ठेवा.

आता खर्जाची तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर उजव्या करंगळीने दाबून धरा. तार आता पट्टीसारखी सरळ ताणलेली आहे. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात बारीक फट दिसली पाहिजे. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असते. कागदाची दुहेरी घडी जेमतेम सरकली तर ०.२, अगदी बरोबर. फट अजिबात नसेल तर नेक मागे वाकली आहे आणि पहिल्या पाच फ्रेटवर तार फरफरेल. सहा-सात कागद जात असतील तर नेक फार पुढे झुकली आहे. दोन्ही ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) फिरवून सुटतं, म्हणून "रॉड फिरवून द्या" असं तिथेच सांगा. दुकानात कुणालाच ते जमत नसेल तर तीही एक माहितीच.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. सहा तारा, चोवीस फ्रेट, १४४ सूर, चार मिनिटं. कंटाळवाणं आहे, करा. एखाद्याच फ्रेटवर तार मरत असेल तर शेजारचा, ब्रिजच्या बाजूचा फ्रेट उंच राहिलाय. मग पातळ दोन तारा बाराव्या फ्रेटच्या पुढे पूर्ण सूरभर बेंड करा. बेंड करता करता आवाज गुदमरला तर तार फार खाली ठेवली आहे किंवा फ्रेट सपाट घासलेले नाहीत. तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून हलकेच फिरवा. फ्रेटची टोकं खरवडली तर लाकूड सुकून आक्रसलंय.

इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजमधलं सॅडल (तार टेकते तो सरकणारा तुकडा) मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. खर्जाच्या तारेचं सॅडल आधीच मागच्या टोकाला टेकलेलं असेल तर थांबा. जाड तारा लावल्या की त्याला आणखी मागे जावं लागतं, आणि जागाच उरलेली नसते.

तार सुरात लावताना नटपाशी "टिंग" असा आवाज येऊन सूर उडी मारतो का, तेही ऐका. खाच अरुंद असल्याची ती खूण आहे. ४६ च्या तारेला हे होत असेल तर ५६ ला नक्की होईल.

आता ॲम्प. आधी क्लीन आवाजात प्रत्येक नॉब आणि स्विच फिरवा, खरखर ऐका, केबल जॅकमध्ये हलवून बघा. मग गेन चढवा आणि तारांवर हात ठेवून गप्प बसा. थोडा सूं-सूं चालतो. शिट्टी वाजायला लागली आणि ॲम्पपासून दूर गेल्यावरही थांबली नाही तर पिकअप मायक्रोफोनसारखा वागतोय, म्हणजे त्याचं वेटोळं सैल आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते ना? व्हायला हवी. वाढत असेल तर आतलं अर्थिंग चुकलंय.

शेवटी खर्जाच्या तारेवर पाम म्यूट करून सलग सोळा ठोके, जलद. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यायला हवा. मग उभे राहा, पट्टा लावा, हात सोडा. हेड जमिनीकडे कलंडलं तर वाजवताना डावा हात तिला उचलत बसेल. एसजी आणि व्हीमध्ये ही खोड जास्त दिसते.

पायरी ८: जुनी घेताना

वरचं सगळं कराच, शिवाय चार जागा तपासा. हेडस्टॉक मागे कललेला असेल तर नटाच्या मागची बाजू उजेडात धरा, वार्निशवर केसासारखी रेघ दिसली तर तिथे कधीतरी तुटून चिकटवलेलं आहे. नीट चिकटवलेली गिटार वर्षानुवर्षं टिकते, पण किंमत मात्र उतरायला हवी. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का बघा. ट्रस रॉडचा नट दोन्हीकडे थोडा फिरतो का, मालकाच्या समोर फिरवून बघा, अडकलेला असेल तर हात जोडा. आणि फ्लॉइड असेल तर त्याचे स्क्रू गंजलेत का. किनारपट्टीवरून आलेल्या गिटारवर हे हमखास सापडतं.

पायरी ९: घरी आणल्यावर

ठरवलेल्या ट्यूनिंगच्या जाडीच्या तारा लावा आणि त्यानंतरच सेटअप करून घ्या, आधी नाही. १०-४६ वर केलेला सेटअप ११-५६ लावल्यावर कामाचा उरत नाही. कारागिराला तीन गोष्टी सांगा: तारांचा सेट, ट्यूनिंग, आणि बाराव्या फ्रेटला हवी ती उंची. खर्जाची तार १.८ ते २ मिलिमीटर, पातळ तार दीड, हे सुरुवातीला ठीक. नटच्या खाचा जाड तारांसाठी घासायला सांगायला विसरू नका.

स्वतः ट्रस रॉड फिरवायचा असेल तर योग्य मापाची चावी घ्या आणि एका वेळी पाव वेढा. घड्याळाच्या दिशेने नेक सरळ होते, उलट दिशेने पुढे झुकते. फिरवून तारा पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मगच पुन्हा मोजा. जोर लावावा लागला तर थांबा.

मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात दोन आठवड्यांत तारा खरखरीत होतात. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती कापडात चिमटीत धरून नटापासून ब्रिजपर्यंत पुसा, खालची बाजूसुद्धा, घाम तिथेच बसतो. लेपाच्या तारा महाग पण इकडच्या हवेत फायद्याच्या. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नागपूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात उलटं होतं: लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि नेक हलते. ऋतू बदलला की कागदाच्या घडीने फट मोजायची सवय लावा.

राहिली वीज. ॲम्प अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावा. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे तार जोडलेलीच नसते. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण एकदम थांबली, तर गिटारला दोष देऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. झिणझिण्या येत असतील तर तो येऊन जाईपर्यंत ॲम्प लावू नका.